मिटलेली मूठ आणि शंभराची थरथर

अंगावरून वारं गेल्यावर सुरुवातीला हात लुळा पडतो. उशीवर ठेवला तर राहतो, घसरला तर घसरतो. घरच्यांची खरी परीक्षा पुढच्या काही आठवड्यांत सुरू होते, कारण अनेकांचा हात मग ताठरू लागतो. कोपर दुमडतं, मनगट आत वळतं, अंगठा तळव्यात दडतो आणि त्यावर चारही बोटं आवळली जातात. अशा मुठीतली नखं कापून पाहिलेल्यांनाच त्यातली कसरत ठाऊक. बोटं उघडायला झटक्यात जोर लावावा, तर मूठ आणखी घट्ट. आत घाम साचतो, कातडी ओलसर राहते, वास येतो. वर भेटायला आलेलं कुणीतरी सांगून जातंच, "तेल लावून जोरात चोळा."

जोर लावला की मूठ आवळते, यात रुग्णाचा हट्ट नसतो. स्नायूच्या आत ताण टिपणारे बारीक तंतू असतात. स्नायू अचानक ताणला गेला की ते मज्जारज्जूला कळवतात आणि तिथूनच आकुंचनाचा हुकूम सुटतो. एरवी मेंदू या हुकमांना आवर घालत असतो. पक्षाघातात नेमका तो आवर सुटतो.

कंपनाचा उपचार याच तंतूंना हाताशी धरतो. १९६६ साली स्वीडनमधल्या उप्साला इथे कार्ल-एरिक हागबार्थ आणि योरान एक्लुंड यांनी माणसाच्या स्नायूवर कंपन देऊन काय होतं ते मांडलं. सेकंदाला शंभरच्या आसपास कंपनं दिली, तर प्रत्येक कंपन त्या तंतूंना इवलासा ताण वाटतो. मग स्नायू आपोआप आकसतो आणि त्याच्या उलट काम करणारा सैलावतो. पुढे १९७२ मध्ये गुडविन, मॅक्लॉस्की आणि मॅथ्यूज यांनी ऑक्सफर्डमध्ये आणखी गंमत दाखवली. डोळे मिटलेल्या माणसाच्या दंडाच्या स्नायूबंधावर कंपन दिलं, की कोपर सरळ होत असल्याचा त्याला भास होतो. "तुमचा हात कुठे आहे ते दुसऱ्या हाताने दाखवा," म्हटलं तर तो चक्क चुकीची जागा दाखवतो. हात कुठे आहे हे मेंदू बऱ्याच अंशी स्नायूंच्या निरोपावरून ठरवतो. निरोप खोटा असला तरी मेंदू तो खरा मानतो. महिनोन् महिने ज्या हाताकडून धड निरोपच येत नाहीत, त्याच्या बाबतीत ही मोठीच गोष्ट.

इथे चाणाक्ष वाचक अडेल: कंपनाने स्नायू आकसतो, मग ताठरलेल्या हाताला ते द्यायचं कशाला? एक वाट सरळ आहे. मनगट वर उचलणाऱ्या, म्हणजे हाताच्या मागच्या बाजूच्या स्नायूवर कंपन द्यायचं, म्हणजे मूठ आवळणारे स्नायू सैल पडतात. दुसरी वाट थेट ताठर स्नायूवरच जाते. तंतूंकडून निरोपांचा सलग मारा झाला, की मज्जारज्जू त्यांना पूर्वीसारखी दाद देईनासा होतो, आणि हा परिणाम यंत्र बंद केल्यावरही थोडा वेळ टिकतो. जपानमध्ये कागोशिमाच्या नोमा, कावाहिरा आणि सहकाऱ्यांनी हीच वाट धरली. ताठर हाताच्या वाकवणाऱ्या स्नायूंवर त्यांनी ५ मिनिटं कंपन दिलं; कमी झालेला ताठरपणा ३० मिनिटांनंतरही कमीच होता.

माझ्या मते सगळा उपचार त्या अर्ध्या तासात आहे. मूठ सैल आहे तोवर पेला धरायचा आणि सोडायचा, कपड्याची घडी घालायची, चिमटा दाबायचा. सोडणं जास्त महत्त्वाचं, कारण या रुग्णांना धरण्यापेक्षा सोडणंच जड जातं. कंपन देऊन हात पुन्हा मांडीवर ठेवून दिला, तर थोड्या वेळाने मूठ पहिल्यासारखी आवळलेली असणार.

अमेरिकेत स्टॅनफर्ड आणि जॉर्जिया टेक इथल्या केटलिन साईम आणि सहकाऱ्यांनी कंपनाचा हातमोजाच केला. पियानोची बोटं शिकवणाऱ्या हातमोज्यावरच्या कामातून ही कल्पना पुढे आली. २०२१ मध्ये त्यांनी १६ जणांवरची चाचणी प्रसिद्ध केली: घरच्या घरी, रोज ३ तास, ८ आठवडे. निष्कर्ष उमेद देणारे असले, तरी १६ हा आकडा विसरू नये. या विषयातले बहुतेक अभ्यास असेच लहान आहेत. शिवाय कंपनाचा वेग, जागा आणि वेळ प्रत्येकाची वेगळी. ताठरपणा तात्पुरता कमी होतो याला बऱ्यापैकी आधार आहे. हात रोजच्या कामाला लागतो, याला त्यामानाने कमी.

ऑनलाइन मिळणारी मसाज गन मात्र या कामाची नव्हे. तिचे ठोके साधारणपणे सेकंदाला तीस ते पन्नास, आणि प्रत्येक ठोका चांगला सेंटीमीटरभर आत जाणारा. उपचारातलं कंपन मिलिमीटरभर किंवा त्याहूनही कमी हलतं, पण वेगाने. पक्षाघातानंतर पुष्कळांना रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतात आणि हाताची संवेदनाही बोथट झालेली असते. अशा दंडावर ठोके बसले, तर काळंनिळं पडलेलं रुग्णाला जाणवणारही नाही. हाताच्या शिरेत गुठळी असेल, हाड नुकतं मोडलेलं असेल, छातीत पेसमेकर असेल, तर साधं कंपनयंत्रसुद्धा डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नये. आणि फिजिओथेरपिस्टकडे गेल्यावर यंत्र कोणतं हे विचारून थांबू नका. ते कोणत्या स्नायूवर, किती मिनिटं लावणार आणि बंद केल्यावर हाताकडून काय करून घेणार, तेही विचारा.