सरबतातील गर तळाशी बसतो? झँथन गम वापरा

मावळातील जांभूळ-करवंदाचे सरबत बाटलीत ठेवले की गर तळाशी बसतो. यावर झँथन गम उपयोगी पडतो. कोबीवर घाण्या रोग आणणाऱ्या झँथोमोनास जिवाणूपासूनच तो मिळवितात. खाण्यास मात्र निर्धोक! लिटरला १ ते २ ग्रॅम पुरे. पावडर थेट टाकल्यास गुठळ्या होतात, म्हणून दहापट कोरड्या साखरेत मिसळून ढवळत सोडावी. खाद्य प्रतीचाच गम घ्यावा.

झँथन एकटा जेली बनवीत नाही. त्यासाठी जेलन हा दुसरा जिवाणूजन्य डिंक; तो कॅल्शियममुळे कमी साखरेतही घट्ट होतो, पण साखर घटली की टिकाऊपणाही घटतो. करवंदाच्या जेलीत मात्र त्यावर खर्च करू नये. अर्धपक्व करवंदात पेक्टिन भरपूर असते. लेबलवर झँथनसाठी ४१५, जेलनसाठी ४१८ क्रमांक छापावा.