प्राणी पाळण्यापूर्वी

मनुष्य आणि प्राणी यांचा सहवास फार प्राचीन आहे. कुत्रा हा सर्वांत आधी माणसाळलेला प्राणी होय. तो निदान १५,००० वर्षांपासून माणसाच्या सोबतीने राहत आला आहे, असे शास्त्रज्ञ मानतात. भूमध्य समुद्रातील सायप्रस बेटावर सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीच्या एका दफनात माणसाच्या शेजारीच पुरलेल्या मांजराचा सांगाडा सापडला आहे. तेव्हा "आपल्याकडेही एखादे पिल्लू आणू या ना!" असा जो हट्ट तुम्ही मुले आईवडिलांपाशी धरता, तो काही नवा नव्हे. परंतु ज्या घरात ते पिल्लू आणावयाचे, ते घर मात्र आता पूर्वीचे राहिलेले नाही.

पूर्वी खेड्यातील घराला दिवसा सहसा कुलूप लागत नसे. कर्ती माणसे शेतावर गेली, तरी पडवीत आजी धान्य निवडीत बसलेली असे. गोठ्यात गुरांना वैरण घालावयास कोणी तरी मागे राहिलेले असे. कुत्रा अंगणात पडून राही, मनाला येईल तेव्हा शिवारात भटकून येई आणि जेवणाच्या वेळी भाकरतुकड्यासाठी दाराशी हजर होई. मांजर कणगीभोवतीचे उंदीर मारून आपले पोट बरेचसे आपणच भरी. त्यांना फिरावयास कोणी न्यावे, हा प्रश्न कधी उद्भवलाच नाही. त्या काळी जनावरांचे सारेच उत्तम चालले होते, असे मात्र समजू नये. लस टोचण्याची सोय बहुतेक गावी नव्हती आणि आजारी जनावराला पशुवैद्य क्वचितच दिसे. तथापि एकटेपणा त्यांच्या वाट्याला फारसा येत नसे, हे खरे.

आता शहरातील घर पाहा. डोंबिवलीस राहणारे एक कुटुंब आहे, असे समजू. आईवडील दोघेही मुंबईत नोकरीस आहेत. सकाळी साडेसातला ते घर सोडतात आणि रात्री आठाच्या सुमारास लोकलच्या गर्दीतून थकून परततात. मुलगी बारा वाजता शाळेत जाते व सहा वाजता घरी येते. म्हणजे बारा ते सहा हे सहा तास दाराला कुलूप असते. आणि त्याच्या आगेमागे मिळून साडेसहा तास घरात बारा वर्षांची ती मुलगी एकटीच असते. तिला सोबतीला एखादा प्राणी हवासा वाटावा, हे अगदी स्वाभाविक आहे. अशा घराने प्राणी पाळूच नये, असेही नाही. पण प्राणी निवडताना आपल्याला कोणता आवडतो, हा प्रश्न त्यांनी दुसरा विचारावा. पहिला प्रश्न असा की, आपण घरी नसू त्या वेळी तो प्राणी काय करीत असेल?

या प्रश्नाचे उत्तर त्या प्राण्याच्या पूर्वजांच्या राहणीत सापडते. प्राणी माणसाळला, तरी त्याची मूळ प्रकृती नाहीशी होत नाही.

कुत्र्याचेच पाहा. कुत्र्याचे पूर्वज लांडगे. लांडगे टोळीने राहतात, टोळीने शिकार करतात आणि पिल्लांचा सांभाळही टोळीनेच करतात. माणसाच्या घरी आलेला कुत्रा घरातील माणसांनाच आपली टोळी समजतो. तुम्ही बाहेर पडून दार लावून घेतले, की त्याच्या दृष्टीने त्याची टोळी त्याला सोडून गेली. पूर्ण वाढलेला आणि सवय लावलेला कुत्रा चार-पाच तास निमूटपणे एकटा राहू शकतो. त्याहून अधिक वेळ, आणि तोही रोजच्या रोज, कोंडून ठेवला तर तो सतत भुंकू लागतो, दार ओरबाडतो, चपला कुरतडतो. शेजारी तक्रार करतात आणि घरचे लोक त्याला खोडकर ठरवून मोकळे होतात. वास्तविक या साऱ्या खोड्यांचे मूळ बहुधा त्या बंद दारातच असते. २०२० साली करोनाच्या साथीमुळे टाळेबंदी झाली, तेव्हा माणसे दिवसभर घरातच होती. त्या दिवसांत कित्येक घरांनी हौसेने पिल्ले आणली. पुढे कचेऱ्या व शाळा सुरू झाल्या, आणि जन्मल्यापासून माणसांत वाढलेला तो कुत्रा एकाएकी रिकाम्या घरात राहू लागला.

पिल्लाची गोष्ट तर अधिकच अवघड. दोन महिन्यांच्या पिल्लाला दिवसातून तीन-चार वेळा खावयास द्यावे लागते आणि दर दोन-तीन तासांनी लघवीसाठी बाहेर न्यावे लागते. मोठा झाल्यावरही त्याला सकाळ-संध्याकाळ निदान अर्धा अर्धा तास फिरवून आणले पाहिजे. पावसाळ्यातील सकाळी अंथरुणातून उठून हे काम कोण करणार? आपल्या देशात प्राण्यांना निर्दयतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० साली झाला. जो कुत्रा नेहमी बांधून किंवा कोंडून ठेवला जातो, त्याला पुरेसे न फिरविणे हाही त्या कायद्याने गुन्हा आहे. ही गोष्ट फार थोड्या लोकांना ठाऊक असते. त्यावर वर्षातून ठराविक वेळी लस टोचणे आले, पशुवैद्याचा खर्च आला; आणि हे सारे एकदोन वर्षे नव्हे, तर दहा-बारा वर्षे चालावयाचे.

घरी आजी-आजोबा असतील तर प्रश्न पुष्कळ सोपा होतो. मात्र आजीला विचारल्यावाचून आजीच्या भरवशावर कुत्रा आणू नये. तिच्या गुडघ्यांचाही विचार करावा लागतो. ज्यांच्या घरी दिवसा कोणी ना कोणी असते, त्यांनीसुद्धा लहान पिल्लाऐवजी वर्ष-दोन वर्षांचा, शांत स्वभावाचा आपल्याकडील गावठी कुत्रा घ्यावा, असे मला वाटते. त्याचे केस आखूड असतात, आपला उन्हाळा त्याला मानवतो आणि तो सहसा फार आजारी पडत नाही. सैबेरियाच्या बर्फात गाड्या ओढणाऱ्या दाट केसांच्या कुत्र्याला मुंबईच्या दमट उकाड्यात आणून ठेवणे हे प्राणिप्रेम आहे, असे मी तरी म्हणणार नाही.

मांजराची प्रकृती निराळी आहे. त्याचे पूर्वज आफ्रिका आणि पश्चिम आशियातील रानमांजरे. ती एकेकटी हिंडतात व एकेकटी शिकार करतात. मांजर चोवीस तासांपैकी बारा ते सोळा तास झोपेत घालविते आणि पहाटे व तिन्हीसांजेला विशेष चपळ असते. आपल्या डोंबिवलीच्या कुटुंबाचे वेळापत्रक आठवा. घर रिकामे असते ती दुपार मांजराच्या झोपेची वेळ, आणि घर गजबजते ती संध्याकाळ त्याच्या खेळण्याची वेळ! मोठे मांजर स्वच्छ पाणी आणि खाणे ठेवले असता आठ-नऊ तास खुशाल राहते. त्याला फिरावयास न्यावे लागत नाही. वाळूची एक परात कोपऱ्यात ठेवली की ते विधीसाठी तिकडेच जाते. ती परात रोज साफ करण्याचे काम मात्र कोणी तरी न कंटाळता केले पाहिजे. मांजरालाही रेबीजची लस टोचून घ्यावी लागते. वरच्या मजल्यावर घर असेल तर खिडक्यांना जाळी बसवावी, कारण पाखरावर झेप घेण्याच्या भरात मांजर खाली पडते.

मांजराच्या बाबतीत एक अडचण शाकाहारी घरांनी आधीच समजून घ्यावी. गोष्टींतील मनीमाऊ दूधभातावर राहते. खरे मांजर त्यावर निरोगी राहू शकत नाही. त्याच्या शरीराला लागणारी काही द्रव्ये मांस आणि मासळी यांतूनच मिळतात. ती न मिळाल्यास त्याची दृष्टी मंदावते व हृदय दुबळे होते. कित्येक मोठ्या मांजरांना तर दूध पचतही नाही. ज्या घरी मासळीचा वाससुद्धा चालत नाही, तेथे मांजर आणून कोणालाच सुख लागणार नाही.

सशाविषयी मुलांचा मोठा गैरसमज असतो. तो ओरडत नाही, म्हणून त्याला काही लागत नाही असे त्यांना वाटते. पाळीव सशाचे पूर्वज बिळांतून समूहाने राहत. त्यामुळे एकटा ससा झुरतो. त्याचे दात जन्मभर वाढत असतात व ते झिजावेत म्हणून त्याला सदैव सुके गवत चघळावयास लागते. नुसत्या गाजरावर त्याची प्रकृती बिघडते, आणि कडक उन्हाळा तर त्याला मुळीच सोसत नाही.

पोपट, डोंगरी मैना, मुनिया हे आपल्या रानांतील पक्षी पिंजऱ्यात ठेवणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याविरुद्ध आहे. बाजारात कोणी ते विकत असला, तरी घेणारा दोषीच ठरतो. आपल्याकडे पुष्कळदा लव्हबर्ड म्हणून विकले जाणारे रंगीत पक्षी हे वास्तविक ऑस्ट्रेलियातील बजरीगर असतात. ते पाळण्यास मनाई नाही. परंतु मूळ देशी ते थव्यांनी उडतात, हे ध्यानात घेऊन निदान जोडी ठेवावी आणि पंख पसरून उडता येईल एवढा मोठा पिंजरा द्यावा. कानाशी तांबडा पट्टा असलेली, रुपयाएवढी हिरवी कासवेही दुकानांत दिसतात. ती अमेरिकेतील. ती वाढून ताटलीएवढी होतात आणि वीस-तीस वर्षे जगतात. मग कंटाळून लोक त्यांना तळ्यात सोडतात आणि आपल्याकडील देशी कासवांच्या अन्नात वाटेकरी निर्माण करतात. त्यांच्या वाटेस जाऊ नये.

ज्या घराला दिवसभर कुलूप असते, त्या घराला मासे सर्वांत सोयीचे. मासे माणसाची वाट पाहत नाहीत. त्यांना फिरवावे लागत नाही, आणि त्यांच्या काचपेटीपुढे बसून दिवसभराचा शीण घालविता येतो. परंतु मासे पाळणे म्हणजे काचेच्या गोल भांड्यात सोनमासा सोडणे नव्हे. सोनमासा वीतभर वाढतो आणि नीट ठेवल्यास दहा वर्षांहून अधिक जगतो. वाटीएवढ्या भांड्यात तो थोड्याच दिवसांत मरतो, याचे कारण नीट समजून घेण्यासारखे आहे.

मासा पाण्यातच खातो आणि पाण्यातच मलमूत्र टाकतो. त्यापासून अमोनिया नावाचे विषारी द्रव्य तयार होते. नदीत वा तळ्यात सूक्ष्म जिवाणू या अमोनियाचे क्रमाने दुसऱ्या, बऱ्याच कमी घातक अशा द्रव्यात रूपांतर करतात. नव्या काचपेटीत हे जिवाणू नसतात. ते वाळूत आणि पाणी गाळणाऱ्या यंत्रात वाढावयास चार ते सहा आठवडे लागतात. म्हणून पेटी आणली त्याच दिवशी डझनभर मासे सोडणारा मनुष्य दुसऱ्या आठवड्यात मेलेले मासे उचलीत बसतो. प्रारंभी दोन-तीनच मासे सोडावेत. सर्व पाणी एकदम बदलून पेटी धुऊन काढू नये, कारण त्याबरोबर ते उपयोगी जिवाणूही निघून जातात. आठवड्यातून एकदा पाव हिस्सा पाणी काढून तेवढेच नवे घालावे. नळाच्या पाण्यात क्लोरीन असते; ते निघून जावे म्हणून पाणी आदल्या दिवशी बादलीत उघडे ठेवावे.

नवशिक्यांसाठी गप्पी मासे उत्तम. मलेरिया-डेंग्यूचे डास होऊ नयेत म्हणून आरोग्य विभाग पाण्याच्या टाक्यांत जे सोडतात, तेच हे मासे. त्यांचे आयुष्य सुमारे दोन वर्षांचे. चाळीस लिटरच्या पेटीत आठ-दहा गप्पी मासे सुखाने राहतात. एवढी थोडी संख्या असली, म्हणजे वीज जाऊन हवेचा पंप काही वेळ थांबला तरी ते गुदमरत नाहीत. मात्र नर-मादी दोन्ही ठेवल्यास पिल्लांनी पेटी भरून जाते. म्हणून रंगीत शेपटीचे नरच आणावेत. दोन मिनिटांत संपतील एवढेच दाणे दिवसातून एकदा-दोनदा घालावेत. घरातील प्रत्येकाने येता-जाता चिमूटभर टाकले, तर उरलेले दाणे कुजून पाणी बिघडते. घरातील मासे उपासाने मरण्यापेक्षा या लाडाने अधिक मरतात.

प्राणी कोणताही असो, सुट्टीचा विचार आधीच करावा. मी मुख्याध्यापक असताना वर्गात मासे किंवा ससे ठेवू द्या, असा आग्रह विद्यार्थी वरचेवर धरीत. "दिवाळीच्या सुट्टीत त्यांना खावयास कोण घालणार?" एवढेच मी विचारीत असे. ज्या वर्गाने तीन मुलांच्या पाळ्या कागदावर लिहून आणल्या, त्या वर्गाला परवानगी मिळाली. गणपतीला कोकणात आठ दिवस जाणाऱ्या घराचेही तसेच आहे. मोठे निरोगी मासे तीन-चार दिवस उपाशी राहू शकतात, पण आठ दिवसांसाठी शेजाऱ्याकडे किल्ली द्यावी लागेल. मांजरासाठी रोज येणारे ओळखीचे माणूस हवे. कुत्र्याला बरोबर न्यावे, नाही तर त्याची ज्याच्याशी गट्टी आहे अशा घरी ठेवावे.

डोंबिवलीच्या त्या मुलीने हा सारा हिशेब कागदावर मांडला, तर तिच्या असे लक्षात येईल की, रोजची पाच मिनिटे आणि रविवारचा अर्धा तास देऊन गप्पी माशांची पेटी तिला आजच ठेवता येईल. घरी मासळी चालत असेल तर मोठे मांजरही आणता येईल. कुत्र्यासाठी मात्र तिला थांबावे लागेल. तोवर शेजारच्या काकांच्या कुत्र्याला संध्याकाळी त्यांच्याबरोबर फिरवून आणावयास कोणाचीच हरकत नसावी.

एवढेही ज्या घरी शक्य नाही, त्यांनी खिडकीत किंवा गच्चीवर सावलीत मातीचे एक पसरट परळ ठेवावे. त्यात दोन-तीन बोटे पाणी घालावे. ते रोज बदलावे व परळ घासून घ्यावे, नाही तर त्यात डास होतात. चैत्र-वैशाखात चिमण्या, बुलबुल, साळुंक्या, कावळे हळूहळू तेथे येऊ लागतात. त्यांची वर्दळ आपण घरी नसतानाही चालू असते. संध्याकाळी काठावरची विष्ठा, एखादे पीस आणि कमी झालेले पाणी पाहून ती ओळखता येते.