आईची सुई, लेकीचे भय

बेल्जियममधील गेल येथील गुदामात अडकून पडलेला, ९७ लाख डॉलर किमतीचा संततिनियमनाच्या साधनांचा साठा जाळून टाकण्याचा अमेरिकी सरकारचा मनसुबा जुलै २०२५ मध्ये उघडकीस आला, तेव्हापासून त्यावर झडलेले वाग्युद्ध वाचकांच्या परिचयाचे आहे. परंतु ज्या मुलखांच्या वाट्याचा हा माल होता त्यांत पश्चिम आफ्रिकेतील मालीही असल्याने, त्या बाजूच्या स्त्रिया ही साधने नेमकी कशासाठी वापरतात, हे कोणी विचारले असते तर बरे झाले असते. संततिनियमन म्हणजे संतती थांबवणे, हे लाल त्रिकोणाच्या जाहिरातींवर पोसलेले आपले समीकरण तेथे पुष्कळदा लागू पडत नाही.

कॅरोलिन ब्लेडसो या अमेरिकी विदुषींचे, २००२ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झालेले गांबियाविषयीचे संशोधन या बाबतीत मला सर्वांत उद्बोधक वाटते. तेथील खेड्यांतून गर्भनिरोधके वापरणाऱ्या मूठभर विवाहितांत, ज्यांचा गर्भ नुकताच पडला आहे किंवा ज्यांच्या पोटी मृत मूल जन्मले आहे अशाही स्त्रिया त्यांना आढळल्या; आणि कूस रिकामी राहिली असताना ही बाई तीन महिन्यांची सुई का टोचून घेते, या कोड्याचा उलगडा त्या स्त्रियांच्याच शरीरविषयक कल्पनेत सापडला. ईश्वराने प्रत्येकीच्या वाट्यास ठरावीक मुले नेमून दिली आहेत, वार्धक्य वर्षांनी येत नसून दर कठीण बाळंतपणात खर्ची पडणाऱ्या रक्तामांसाने येते, तेव्हा उरलेली मुले सुखरूप पदरात पडावयाची तर पडीक ठेवलेल्या शेताप्रमाणे देहालाही विसावा दिला पाहिजे, असा तो हिशेब. नायजेरियातील योरुबा स्त्रियांची मूल अंगावर पीत असेतोवर दोन-तीन वर्षे पतिसंग वर्ज्य करण्याची, आणि आजी झाल्यावर तो कायमचा सोडण्याची जुनी वहिवाट याच जातकुळीची होय.

लेकींची तऱ्हा निराळी. नायजेरियातील बेनिन सिटी येथील तरुण मुलींशी झालेल्या चर्चांवरील, २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात त्यांचा युक्तिवाद नोंदला आहे: गोळ्यांचा अपाय अंगात दीर्घकाळ मुरत राहून वांझपण येते, गर्भपाताची आपत्ती मात्र एकदाच. ज्या समाजात मूल न होणाऱ्या सुनेला किंमत नाही, तेथे या भयास केवळ अज्ञान म्हणून वाटेला लावणे मला अन्यायाचे वाटते. विपर्यास असा की, आईच्या जीविताचा प्रश्न असल्याखेरीज तेथील कायदा गर्भपातास मुभा देत नसल्याने ही मुलगी वैदूच्या किंवा औषधविक्याच्या दारी जाते, जठरव्रणावर निघालेले मिसोप्रोस्टॉल कधी मात्रा न समजता घेते, आणि अस्वच्छ हातांनी झालेला जंतुसंसर्गच तिला भय वाटत असलेले वंध्यत्व पदरी घालू शकतो.

कायदे शिथिल झाले म्हणजे सारे सुधारेल, या आशावादाविषयी मी साशंक आहे. घानाने १९८५ साली स्त्रीच्या शारीरिक वा मानसिक आरोग्यास धोका असल्यास गर्भपाताची वाट मोकळी केली. २००७ च्या पाहणीत ते ठाऊक असलेल्या स्त्रिया शेकडा चारच्या आसपास निघाल्या. नायजेरियाच्या शेजारच्या बेनिन देशाने २०२१ साली बारा आठवड्यांपर्यंत, शिक्षण वा उपजीविका धोक्यात येत असली तरी, परवानगी दिली. ही तरतूद राजपत्रातून निघून दवाखान्याच्या खिडकीपर्यंत पोहोचली, तरी तेथे बसलेली परिचारिका अविवाहित मुलीला आधी नवऱ्याचे नाव विचारणार नाही, याची हमी कोणत्या कलमात आहे?