साज घोड्याच्या मापाचा

तुळशीचे लग्न लागले की लग्नसराईला आरंभ होतो आणि अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातल्या घोडेवाल्यांना पुन्हा कामाचे दिवस येतात. वरातीच्या बग्गीला जुंपलेला घोडा आरसे, गोंडे आणि पितळी फुलांनी नटलेला असतो. पाहणाऱ्यांचे लक्ष त्या चकाकीकडे जाते आणि मालकाचा खर्चही बहुधा तिकडेच होतो. गाडी मात्र ओढली जाते ती गोंड्यांच्या खाली दडलेल्या दोन-तीन साध्या पट्ट्यांनी. त्या पट्ट्यांची रुंदी, जागा किंवा शिवण चुकली, तर थोड्याच दिवसांत कातडी सोलवटते, जखम चिघळते आणि ऐन हंगामात घोडा तबेल्यात उभा राहतो. ज्याचा संसार एका घोड्यावर चालतो, त्याला स्वस्तात घेतलेला साज मग फार महागात पडतो.

घोडा या जिल्ह्याला नवा नाही. मलिक अहमदने पंधराव्या शतकाच्या अखेरीस शहराचा पाया घातला, त्या काळच्या दख्खनमध्ये सत्ता घोडदळाच्या बळावर उभी राहत असे. जिल्ह्याच्या दक्षिण सीमेवरून वाहणाऱ्या भीमेच्या थडीवरील तट्टांनी मराठी फौजांना साथ दिली आणि आजही धनगरांचे बिऱ्हाड त्याच वंशाच्या तट्टांच्या पाठीवरून हिंडते. शिर्डीला जाणारे भाविक साईबाबांच्या हयातीत कोपरगाव स्थानकावर उतरून टांग्याने पुढचा रस्ता कापीत. पुढे रिक्षा आली, टमटम आली, आणि टांग्यांचे थांबे एकेक करून उठले. आज जिल्ह्यात गाडी ओढणारे जनावर म्हणजे मुख्यतः बैल. हिवाळ्यात साखर कारखान्यांच्या रस्त्यांवर उसाच्या बैलगाड्यांची रांग लागलेली असते. घोडा उरला तो वरातीपुरता, जत्रेपुरता आणि हौसेपुरता.

साजाच्या दृष्टीने याचा परिणाम मोठा आहे. कासरा, जोते, म्होरकी करून देणारे कारागीर आठवडे बाजारात सहज भेटतात, पण त्यांचा हात बैलाच्या सामानावर बसलेला असतो. बैल आणि घोडा ओढतात ते निरनिराळ्या रीतीने. बैलाच्या खांद्यावर वशिंड असते. त्याच्या पुढे जू टेकते आणि बैल मान खाली घालून ते ढकलतो. घोड्याला वशिंड नाही. त्याची मान उंच असते आणि जोर छातीतून व खांद्यांतून येतो. जू किंवा जुवासारखा पट्टा मानेवर चढवला, तर ओढताना तो सरकून गळ्यावर येतो आणि श्वासनलिका दाबली जाते.

माणसाला ही गोष्ट उमगायला किती काळ लागला, यावर विद्वानांत वाद झालेला आहे. लफेव्र दे नोएत या फ्रेंच घोडदळ अधिकाऱ्याने १९३१ च्या ग्रंथात असे मांडले, की ग्रीक-रोमन काळातील साज घोड्याचा गळा आवळणारा होता, म्हणून त्या काळी घोड्याकडून जड ओझे ओढवत नसे. १९७० च्या दशकात स्प्रुइत या त्याच्याच देशबांधवाने प्राचीन साजांच्या प्रतिकृती करून घोडे प्रत्यक्ष जुंपले आणि ते मत बरेचसे खोडून काढले. चिनी लोक मात्र हान राजवटीच्या काळातच छातीवरचा पट्टा वापरू लागले होते. जड ओझ्यासाठी खांद्यांना टेकणारे भरीव कडे पुढे चीनमधूनच पश्चिमेकडे गेले, असे बहुतेक इतिहासकार मानतात. युरोपातील जड नांगर आणि मालगाड्या घोड्याने ओढल्या त्या या कड्याच्या आधाराने. टांगा किंवा बग्गी यांच्यासारख्या हलक्या गाडीला आणि सपाट रस्त्याला छातीपट्टा पुरतो. कडे प्रत्येक घोड्याच्या मापाने घडवावे लागते आणि घोडा सुटला किंवा अंगाने भरला की ते निरुपयोगी होते. बेताच्या पैशात साज घेणाऱ्याने त्याच्या नादी न लागलेले बरे.

छातीपट्टा निवडताना पाहायची पहिली गोष्ट म्हणजे रुंदी. अरुंद पट्टा दोरीसारखा रुततो. चार बोटे रुंद, आतून नमदा किंवा जाड सुती कापडाचे अस्तर दिलेला आणि कडा गोल घासलेला पट्टा तट्टाला पुरेसा होतो. दुसरी गोष्ट जागेची. छातीच्या दोन्ही बाजूंना खांद्याच्या सांध्याचे हाड हाताला लागते. पट्टा त्याच्या किंचित वर आणि श्वासनलिका जिथे छातीत शिरते त्याच्या खाली यायला हवा. वर गेला तर घोडा घोरल्यासारखा श्वास घेतो. खाली आला तर पुढचे पाय मोकळे पडत नाहीत आणि पावले आखूड होतात. पुष्कळदा त्याला आळशी समजून चाबूक मारला जातो. पट्टा जागेवर धरण्यासाठी मानेवरून जाणारी वादी लागते. तिला दोन्ही बाजूंना बकल असावे, म्हणजे उंची कमी-जास्त करता येते. बकलाचे पैसे वाचवण्यासाठी ही वादी कायमची शिवून टाकतात, ही खरी चूक.

दोनचाकी गाडीचा काही भार घोड्याच्या पाठीवरही येतो. दोन्ही दांड्या ज्या गादीला लटकतात ती गादी हा साजातील सर्वांत महत्त्वाचा भाग होय, आणि पैसे खर्च करायचे तर इथे करावेत. चांगल्या गादीला कण्याच्या दोन्ही अंगांना दोन भरीव उशा असतात व मध्ये पन्हळीसारखी मोकळी जागा सुटलेली असते. गादी घोड्यावर ठेवून, तंग आवळून, त्या पन्हळीत दोन बोटे घालून पाहावीत. ती सहज गेली तर ठीक. अडली तर ती गादी कितीही सुबक असली तरी घेऊ नये. केंद्र सरकारच्या १९६५ च्या ओझे ओढणाऱ्या जनावरांविषयीच्या नियमांतही हे आले आहे. मानेच्या मुळाशी खांद्यांवर जो उंचवटा असतो, त्यावर साज थेट टेकेल अशा रीतीने घोडा कसू नये, असे ते नियम सांगतात. साजाला वा लगामाला खिळे, गाठी, टोके असू नयेत, हेही त्यांत आहे. मूळ कायदा १९६० चा. त्यात पहिल्या गुन्ह्याला ठरवलेला दंड दहा ते पन्नास रुपये, म्हणजे त्या रकमेत आज एक धड बकलही येणार नाही.

गादी उत्तम असूनही पाठ सुजत असेल, तर दोष गाडीच्या तोलात शोधावा. टांग्यात उतारू पाठीला पाठ लावून बसतात ते शोभेसाठी नव्हे. पुढे माणसे जास्त झाली की दांड्या खाली दाबतात आणि सगळे वजन पाठीवर येते. मागे जास्त झाली की दांड्या वर उचलल्या जाऊन पोटाखालचा पट्टा काचतो. तोल साधलेल्या गाडीची दांडी एका हाताने सहज उचलली जाते. जुने टांगेवाले एखाद्या उताऱ्याला पुढे सरकायला सांगत, त्यामागे हाच हिशेब होता. वरील नियमांनुसार चालक आणि सहा वर्षांखालील मुले सोडून चारच माणसे गाडीत बसवता येतात. वरातीच्या बग्गीत नवरा-नवरी, करवल्या आणि हौशी मामा मिळून किती होतात, ते प्रत्येकाने आठवून पाहावे.

पुठ्ठ्यामागून जाणारा आडवा पट्टा हा साजातील सर्वांत उपेक्षित भाग. त्याचा उपयोग गाडी थोपवण्यासाठी. तो नसेल तर उतारावर गाडी पुढे लोटली जाते आणि तिचा सारा दाब गादीवर, दुमचीवर आणि शेपटीच्या मुळावर येतो. नगर शहराच्या सपाट रस्त्यांवर एक वेळ त्याच्यावाचून निभावते. अकोल्याकडचा डोंगर किंवा पाथर्डी तालुक्यातील चढउतार असेल तर तो हवाच. तो मांडीच्या भरीव भागावर आडवा यावा, आणि घोडा ओढत असताना मागे तळहात मावेल इतका सैल असावा. दुमची शेपटीखाली जिथे येते तिथे ती गोल, गुळगुळीत व शिवण बाहेर असलेली असावी. तिच्याखाली शेपटीचा एक केस जरी अडकला तरी घोडा लाथा झाडतो.

लगामाची लोखंडी कडी तोंडाच्या रुंदीहून दोन्ही बाजूंना जेमतेम अर्धा सेंटीमीटर जास्त असावी. अरुंद कडी ओठ चिमटते, फार रुंद कडी तोंडात सरकत राहते. गंजलेली कडी कितीही स्वस्त मिळाली तरी नको. झापडे डोळ्यांपासून पुरेशी दूर, पापणीला न लागणारी हवीत. बाकी गोंडे आणि घुंगरे ज्याच्या त्याच्या हौसेवर सोडावीत. साजाचे पैसे चुकते झाल्यावर उरतील त्यात ती घ्यावीत.

चामडे घ्यावे की नायलॉन, हा प्रश्न हल्ली प्रत्येक ग्राहकापुढे येतो. चामडे अंगाला वळते, घाम शोषते, तुटण्याआधी तडे दाखवून सूचना देते. मात्र त्याची निगा राखावी लागते. नायलॉनची पट्टी स्वस्त, धुता येणारी आणि पावसाला न डगमगणारी असते, पण तिची कड करवतीसारखी लागते. ती आतून अस्तर लावूनच वापरावी. पैसे बेताचे असतील तर दोन्हींचा मेळ घालता येतो. ज्यांचा अंगाशी घर्षणाने संबंध येतो ते भाग, म्हणजे छातीपट्टा, गादी, तंग आणि दुमची, चामड्याचे घ्यावेत. गाडीकडे जाणारे ओढीचे पट्टे आणि लगामाच्या लांब वाद्या नायलॉनच्या चालतात. रेक्झिन मात्र कुठेच नको. ते वरून चामड्यासारखे दिसते, ओढ बसली की आतले कापड फाटते.

चामड्याची पारख फार अवघड नाही. पट्टा घडी घालावा तसा वाकवावा. बारीक सुरकुत्या पडून त्या पुन्हा सरळ झाल्या तर चामडे जिवंत आहे. तडा दिसला तर ते सुकलेले आहे. कापलेली कड पाहावी. ती एकसंध तंतूंची असावी. कागदाचे थर चिकटवल्यासारखी दिसली तर तो तुकड्यांचा माल होय. टाके इंचाला सात-आठ, मेण लावलेल्या दोऱ्याचे आणि दुहेरी असावेत. त्याहून दाट टाके चामड्याला भोके पाडून कमकुवत करतात. जिथे ओढ बसते तिथे नुसत्या रिव्हेटवर विसंबू नये. बकले पितळी म्हणून विकली जातात. खिशात लहानसे चुंबक न्यावे. ते चिकटले तर आत लोखंड आहे आणि घामाने ते गंजणार.

तयार साजाची मोठी पेठ कानपूरची. तिथे १८६० च्या दशकात इंग्रज सरकारने लष्करासाठी साजाचा कारखाना काढला आणि पुढे त्या शहराचा या धंद्यात दबदबा झाला. ‘कानपूर सॅडलरी’ला भौगोलिक मानांकनही आहे. मात्र तिथला पुष्कळ माल परदेशी घोड्यांच्या मापाचा असतो. आपल्याकडच्या लहानखुऱ्या तट्टाला तो ढिला पडतो आणि मग पट्ट्याला खिळ्याने नवी भोके पाडली जातात. म्हणून दुकानात जाण्याआधी सुतळीने चार मापे घ्यावीत: छातीचा घेर, उंचवट्यामागून पोटाखालचा घेर, खांद्यापासून पुठ्ठ्यापर्यंतची लांबी आणि तोंडाची रुंदी. बकल मधल्या भोकात बसेल असा पट्टा निवडावा, म्हणजे घोडा सुटला वा सुकला तरी तो उपयोगी पडतो. बंद पडलेल्या टांग्याचा जुना साज मिळाला तर तो नव्या स्वस्त साजापेक्षा सरस निघू शकतो. मात्र त्याची सर्व शिवण तपासावी, ताणून लांबट झालेली भोके पाहावीत, आणि गादीतील भरण काढून नवे घालून घ्यावे. हे काम गावातला चांगला चर्मकार करू शकतो.

साज आणल्यावर त्याची परीक्षा घोड्याच्या अंगावर होते. पहिले काही दिवस रिकामी गाडी थोडा वेळ ओढवून साज उतरवावा आणि घामाचे डाग पाहावेत. ओल सारखी पसरलेली असेल तर दाब सारखा आहे. ओल्या भागाच्या मध्ये कोरडा ठिपका दिसला, तर तिथे दाब जास्त पडतो आहे आणि जखम तिथेच होणार. केस विस्कटलेले, उलटे फिरलेले दिसले तर पट्टा घासतो आहे. हे दुर्लक्षिले तर पुढे त्या जागी पांढरे केस उगवतात आणि ते जन्मभर राहतात. सारंगखेड्याच्या किंवा माळेगावच्या यात्रेत घोडा घेताना जाणकार पाठीवरचे आणि छातीवरचे पांढरे ठिपके आधी पाहतात, ते या कारणाने.

रोजच्या निगेला खर्च नाही. काम संपल्यावर ओल्या फडक्याने घामाचा क्षार पुसावा, साज सावलीत वाळवावा आणि अधूनमधून करंजाचे किंवा एरंडाचे तेल पातळ लावावे. इंजिनातले जळके तेल फुकट मिळते म्हणून चोपडतात. त्याने दोरा कुजतो आणि कातडीला खाज सुटते. एप्रिल-मेच्या लग्नांत घामाचा त्रास दुप्पट होतो. तापमान ३७ अंशांवर गेले तर दुपारी बारा ते तीन या वेळात जनावर गाडीला जुंपू नये, असे १९६५ चे नियम सांगतात. जखम झालीच तर तिच्यावर फडके बांधून पुन्हा पट्टा चढवू नये. धनुर्वाताचा धोका इतर जनावरांपेक्षा घोड्याला अधिक असतो. लहान ओरखडाही पशुवैद्याला दाखवावा, लस दिलेली आहे की नाही ते पाहावे, आणि कातडी पूर्ण भरून येईपर्यंत ठरलेली वरात दुसऱ्या बग्गीवाल्याकडे सोपवावी.