फिट येणे म्हणजे 'बाहेरचं' नव्हे : मेंदूतील रक्तवाहिन्यांचा गुंता वेळीच ओळखा

विशी-पंचविशीतला धडधाकट तरुण. कधी दवाखान्याची पायरी चढलेला नाही. एके दिवशी अचानक दातखीळ बसते, हातपाय झटके देऊ लागतात, शुद्ध हरपते. अशा वेळी जळगाव-धुळ्याच्या गावागावांत काय होते, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. कोणी कांदा फोडून नाकाला लावतो, कोणी चप्पल हुंगवतो आणि संध्याकाळपर्यंत कोणीतरी सांगतो, "बाहेरचं आहे, भगताकडे न्या." त्या मुलाच्या मेंदूत नेमके काय घडले, हा प्रश्न मात्र कोणी विचारत नाही.

फिट येण्याची कारणे अनेक आहेत. त्यातले एक कमी माहीत असलेले, पण तरुणांच्या जिवावर उठणारे कारण म्हणजे मेंदूतील रक्तवाहिन्यांची विकृती. डॉक्टर तिला 'आर्टेरिओव्हेनस मालफॉर्मेशन' किंवा थोडक्यात 'एव्हीएम' म्हणतात.

हा गुंता म्हणजे काय?

केळीच्या बागेतले ठिबक डोळ्यासमोर आणा. मोटारीचे पाणी जोरात मुख्य पाइपात येते, तिथून बारीक नळ्यांत जाते आणि थेंबाथेंबाने झाडाला मिळते. शरीरातही असेच आहे. हृदयाकडून जोराने येणारे रक्त धमन्यांतून केसासारख्या बारीक केशवाहिन्यांत जाते. तिथे त्याचा जोर कमी होतो, पेशींना प्राणवायू मिळतो आणि मग रक्त शिरांतून परत फिरते.

एव्हीएममध्ये मधल्या केशवाहिन्याच नसतात. धमन्या थेट शिरांना जोडलेल्या असतात आणि तिथे वाहिन्यांचा गुंता तयार होतो. शिरांच्या भिंती पातळ असतात, तेवढा दाब सोसण्यासाठी त्या नसतातच. त्या फुगतात आणि एखाद्या दिवशी फुटतात. आजूबाजूच्या पेशींना मात्र पुरेसे रक्त मिळत नाही.

हा कर्करोग नाही आणि संसर्गजन्यही नाही. बहुतेक रुग्णांत ही विकृती जन्मजात मानली जाते. काही मोजक्या आजारांत ती कुटुंबात चालत येते, एरवी ती आनुवंशिक नसते. गरोदरपणी आईने ग्रहण पाहिले म्हणून, किंवा मागच्या जन्मीचे पाप म्हणून हे झाले, असे कोणी सांगत असेल तर त्याला तिथेच थांबवा.

विकृतीचे इतर प्रकारही आहेत. 'कॅव्हर्नोमा' हा तुतीच्या फळासारखा दिसणाऱ्या वाहिन्यांचा पुंजका असतो. त्यात रक्ताचा दाब कमी असतो, पण फिट येऊ शकते आणि रक्तस्रावही होऊ शकतो. केवळ शिरांच्या रचनेतला वेगळेपणा मात्र बहुधा निरुपद्रवी असतो, त्याला हात लावायची गरज नसते. म्हणून रिपोर्टवर 'विकृती' हा शब्द दिसताच घाबरू नका. प्रकार कोणता, हे आधी विचारा.

लक्षणे कोणती?

अनेकांना वर्षानुवर्षे काहीच त्रास होत नाही. ज्यांना होतो, त्यांना तो बहुधा ऐन तारुण्यात होतो. पुढील लक्षणांकडे दुर्लक्ष नको :

- आयुष्यात पहिल्यांदाच आलेली फिट
- वीज कोसळावी तशी अचानक उठलेली, कधीच न अनुभवलेली डोकेदुखी, सोबत उलटी किंवा मान आखडणे
- एका बाजूचा हातपाय लुळा पडणे, बोबडी वळणे, दिसण्यात बिघाड
- वाढत जाणारी गुंगी

एव्हीएम असलेल्या 100 जणांपैकी साधारण 2 ते 4 जणांना दरवर्षी रक्तस्राव होतो. एकदा होऊन गेला असेल तर पुढच्या वर्षभरात धोका जास्त असतो. विशीतल्या मुलापुढे चाळीस-पन्नास वर्षांचे आयुष्य असते, म्हणून हा आकडा लहान समजू नये.

त्या क्षणी काय करावे?

फिट आलेल्याला कुशीवर वळवा. तोंडात चमचा, पाणी, काहीही घालू नका. हातपाय दाबून धरू नका. घड्याळ पाहा. पाच मिनिटांत फिट थांबली नाही, किंवा वरचे एखादे लक्षण दिसले, तर 108 ला फोन करा. लकवा मारला असे वाटले तरी घरातली ॲस्पिरिन देऊ नका. आत रक्तस्राव असेल तर तीच गोळी घात करते. गुठळी आहे की रक्तस्राव, हे सीटी स्कॅनशिवाय कळत नाही.

उपचार कोणते?

सीटी स्कॅननंतर एमआरआय आणि अँजिओग्राफीने गुंत्याचा पूर्ण नकाशा मिळतो. मग डॉक्टर तीन गोष्टी पाहतात : आकार किती, तो बोलण्या-चालण्याच्या नाजूक भागात आहे का, आणि रक्त खोल शिरांत जाते का. 1986 पासून वापरात असलेल्या स्पेट्झलर-मार्टिन पद्धतीत यावरून 1 ते 5 श्रेणी ठरते.

उपचार मुख्यतः तीन आहेत. कवटी उघडून गुंता काढणे, हा पहिला. तो लहान, वरवरच्या गुंत्यासाठी चांगला. दुसरा, मांडीतून किंवा मनगटातून बारीक नळी मेंदूपर्यंत नेऊन आत गोंदासारखे द्रव्य सोडणे. पुष्कळदा हा शस्त्रक्रियेपूर्वीचा टप्पा असतो. तिसरा, गॅमा नाइफसारख्या यंत्राने नेमक्या जागी किरण देणे. त्यात चिरफाड नाही, पण गुंता बंद व्हायला दोन-तीन वर्षे लागतात आणि तोवर रक्तस्रावाचा धोका राहतो.

काही वेळा फिटच्या गोळ्या आणि नियमित तपासणी हाच योग्य मार्ग असतो. न फुटलेल्या एव्हीएमवर झालेल्या 'अरुबा' या आंतरराष्ट्रीय अभ्यासात, सुमारे तीन वर्षांच्या काळात, केवळ औषधांवर ठेवलेल्या रुग्णांत मृत्यू व पक्षाघात कमी आढळले. हा काळ फार अपुरा होता, अशी टीकाही त्यावर झाली. म्हणून "आजच ऑपरेशन करा" किंवा "काहीच करू नका" असे कोणी घाईने सांगितले, तर श्रेणी विचारा आणि दुसऱ्या न्यूरोसर्जनचे मत घ्या. रक्तस्राव झालेला असेल तर मात्र वेळ दवडू नका.

पैशांचे काय?

आपल्या माणसांचा पाय इथेच अडतो. जळगाव आणि धुळे, दोन्हीकडे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, पहिली धाव तिथे घ्या. मोठ्या उपचारासाठी नाशिक, छत्रपती संभाजीनगर किंवा मुंबई गाठावी लागू शकते. शेत गहाण टाकण्यापूर्वी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी करा. ही योजना 2 जुलै 2012 रोजी राजीव गांधी जीवनदायी योजना या नावाने पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात धुळे होते. आता कुटुंबाला वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे. रेशनकार्ड व आधारकार्ड घेऊन योजनेतील रुग्णालयाच्या आरोग्यमित्राला भेटा. कोणता उपचार कुठे बसतो, हे त्याच्याकडून विचारून घ्या.

कार्यकर्त्यांचे काम

भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधणे, मारणे, मिरचीची धुरी देणे हा 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. पण कायदा गुन्हा घडल्यावर धावतो, रक्तस्राव तेवढा थांबत नाही. 31 जुलैला लळिंगच्या लांडोर बंगल्यावर हजारो बांधव जमतात, 14 एप्रिलला वस्तीवस्तीत कार्यक्रम होतात. तिथे एका टेबलावर फिटची प्रथमोपचार माहिती, 108 आणि योजनेची कागदपत्रे यांचा एक फलक लावा. प्रत्येक विहारात दोन तरुण असे तयार करा, जे रात्री दोन वाजता फोन आला तरी रुग्णाला भगताकडे नव्हे, सीटी स्कॅनपर्यंत नेतील.