उत्पादक कंपनीतील भागाचे मोल

वाशिम जिल्ह्यातील सोयाबीन उत्पादकांनी शेतकरी उत्पादक कंपन्या स्थापन केल्या आहेत. सभासद दिवंगत झाल्यास त्याच्या भागाची किंमत कोणती धरावयाची, याचे उत्तर मात्र थोड्यांनाच ठाऊक असते.

सामान्य कंपनीत काही भागधारकांवर अन्याय झाल्याचे सिद्ध झाल्यास, २०१३ च्या कंपनी अधिनियमाच्या कलम २४२ अन्वये न्यायाधिकरण त्यांचे भाग इतर सभासदांनी किंवा कंपनीने विकत घ्यावेत, असा आदेश देऊ शकते. उचित मूल्य ठरविताना मालमत्ता व मिळकत विचारात घेतली जाते.

उत्पादक कंपनीची रीत निराळी. येथे भाग संचालक मंडळाच्या पूर्वसंमतीने क्रियाशील सभासदालाच, तोही दर्शनी मूल्याने, देता येतो. सभासदाने नामनिर्देशित केलेली व्यक्ती उत्पादक नसेल, तर मंडळ भाग परत करावयास सांगते. मोबदला दर्शनी मूल्याइतका किंवा मंडळ ठरवील तितका. म्हणजे शंभर रुपयांच्या भागातून पुढे गोदाम उभे राहिले, तरी त्यातील वाटा घरच्यांना आपोआप मिळत नाही. ‘मंडळ ठरवील तितका’ या शब्दांतच तंट्याचे बीज आहे. मूल्य ठरविण्याची पद्धत नियमावलीत आधीच नमूद असलेली बरी. सभासदत्व मिळाल्यापासून तीन महिन्यांत नामनिर्देशन करणेही बंधनकारक आहे.

कंपनीच्या व्यवस्थापनाविषयी वाद उद्भवल्यास तो समेट किंवा लवादामार्फत मिटवावा लागतो. त्यास उभय पक्षांची लेखी संमती असल्याचे कायदाच गृहीत धरतो.