गाण्याला गाणे कसे जोडतात

आमच्या संमेलनाच्या नाचात आधी आजीचे रोवणीचे गाणे आहे आणि मग ढोल-लेझीम. बांधीत धानाचे पऱ्हे लावताना आजी जे गाते तेच मी मोबाईलवर रेकॉर्ड केले. जोडायचे काम गुरुजींनी मला दिले.

मित्रांनो, हे काम ऑडॅसिटी नावाच्या प्रोग्रामवर होते. तो मे २००० मध्ये निघाला आणि फुकट मिळतो. त्यात आवाज निळ्या पट्टीसारखा दिसतो. मोठा आवाज तिथे पट्टी जाड, लहान तिथे बारीक. मी आजीच्या गाण्याच्या शेपटीला लेझीम चिकटवून दिली. ऐकले तर सांध्यावर 'टक्' वाजले, आणि आजीचा शेवटचा शब्द अर्धाच! आजी म्हणाली, "काहून रे बाबू, माझं गाणं मधातच काहून तोडलं?"

टक् का वाजते ते गुरुजींनी फळ्यावर काढून दाखवले. आवाज म्हणजे लाट. स्पीकरचा पडदा लाटेप्रमाणे पुढेमागे हलतो. एक लाट वर असताना कापली आणि दुसरी खाली असताना सुरू झाली, की पडद्याला एकदम उडी मारावी लागते. तोच टक्. म्हणून लाट मधल्या रेषेवर, म्हणजे शून्यावर, असेल तिथे कापावे. भाग निवडून झेड दाबले की प्रोग्राम जवळचे शून्य शोधून देतो.

टक् गेला, तरी गाणे तुटल्यासारखेच वाटे. त्यावर उपाय क्रॉसफेड. रिले शर्यतीत दांडी देताना दोघेही थोडा वेळ सोबत धावतात ना, तसेच. एक गाणे वरच्या पट्टीत ठेवायचे, दुसरे खालच्या. दुसरे मागे ओढून पहिल्याच्या शेवटाखाली आणायचे. जेवढे एकावर एक आले तेवढे निवडून 'क्रॉसफेड ट्रॅक्स' दाबायचे. पहिले हळूहळू लहान होते, दुसरे मोठे. बरोबर मधे दोन्ही अर्धे-अर्धे ठेवले तर आवाज खड्ड्यात पडल्यासारखा वाटतो. दोन्ही ७० टक्क्यांच्या जवळ ठेवले की बरे. पूर्वी रेडिओ केंद्रावर टेप ब्लेडने तिरपी कापून जोडत, असे गुरुजी म्हणाले. तिरप्या सांध्यात एक आवाज संपता संपता दुसरा सुरू होतो. म्हणजे तोही छोटा क्रॉसफेडच!

पण माझी पंचाईत वेगळीच झाली. आजीचा शब्द संपायच्या आतच मी मोबाईल बंद केला होता. मागे काही उरलेच नव्हते, तर लेझीम कशावर चढवणार? शिंपीकाका शिवणीसाठी कापड जास्त ठेवतात, तसे रेकॉर्ड करतानाही पुढेमागे जास्त ठेवावे लागते. मी आजीला पुन्हा गायला बसवले. ती आधी नाही म्हणाली. बांधीत पाय असल्याशिवाय गाणे येत नाही म्हणे! मग गायली.

आणखी एक घोळ झाला. गाणे ७० सेकंदांचे, लेझीम ८० सेकंदांची. मला वाटले १५० होतील. पण तीन सेकंद एकावर एक चढल्यामुळे १४७ झाले, आणि मुलींच्या उड्या चुकल्या. नाच पुन्हा मोजून बसवावा लागला.

या वेळी गाणे संपल्यावर आजीने लगेच विचारले, "झालं का बाबू?" तेही रेकॉर्ड झाले. ते आता लेझीमच्या पहिल्या ठोक्यांखाली बारीक ऐकू येते. गुरुजी म्हणाले पुसून टाक. मी नाही पुसले.